एकशे पंच्याहत्तर किमतीचं मत

"आवाज आप्पांचाच आहे," फोन टेबलावर ठेवत भक्ती सोनटक्के म्हणाल्या. "तो खोटा ठरवा असं सांगायला मी आलेली नाही."

राजेश्री गरडने फोनला हात लावला नाही. परभणीच्या स्टेशन रस्त्यावरच्या या खोलीत येणारे बहुतेक लोक समोरच्याला खोटं ठरवायलाच येत. आधी विमा कंपनीसाठी दावे तपासणारी राजेश्री आता लोकांसाठी खासगी तपास करायची. खिडकीशी बसलेले भागवतराव तिचे आतेभाऊ. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तिची गाडी चालवायचे आणि न विचारता मत द्यायचे.

भक्ती कॉलेजात मराठी शिकवत. त्यांचे वडील, माजी आमदार आश्रुबा सोनटक्के, गेल्या महिन्यात वारले होते. ताडकळसच्या मुलींच्या शाळेत नवं वाचनालय झालं होतं आणि त्याला आश्रुबांचं नाव द्यायचं गावाने ठरवलं होतं. उद्या दुपारी ग्रामसभा होती. आणि परवापासून गावातल्या प्रत्येक फोनवर एक ध्वनिफीत फिरत होती. पाठवणारा नंबर कुणाच्या ओळखीचा नव्हता.

राजेश्रीने ती लावली. वर मजकूर होता: 'राज्याची लेक राष्ट्रपती होत होती, तेव्हा आश्रुबांनी दगा दिला. त्यांच्याच तोंडून ऐका.'

मग म्हाताऱ्या, पण खणखणीत आवाजात: "खरं सांगू? शिक्का म्या आपल्या चिन्हावर मारलाच न्हाई. समोरच्याच्या चिन्हावर मारला. आन् कुनाला कळू दिलं न्हाई." शेवटी मनमोकळं हसू. बोलण्याच्या मागे घुंगरं वाजत होती, एकसारखी, एका लयीत.

"बैलाच्या गळ्यातली घुंगरं हायेत," भागवतराव म्हणाले.

"आणि हे खरं निघालं तर?" राजेश्रीने भक्तींना विचारलं.

"तर नाव देऊ नका, असं ग्रामसभेत मी स्वतः सांगेन. पण खरं काय ते उद्याच्या आत कळलं पाहिजे. मी हे एकदाच ऐकलंय. दुसऱ्यांदा ऐकवलं नाही."

भागवतरावांना एक शंका होती. राष्ट्रपतीला आपण कधी मत दिलं?

आपण देत नाही, भक्तींनी सांगितलं. आमदार-खासदार देतात. आप्पा दरवर्षी शाळेत जाऊन मुलींना हे समजावत. बावन्न साली आपल्या भागाच्या आमदारांनी राष्ट्रपतीसाठी मत दिलं ते हैदराबादच्या विधानसभेत. सत्तावन्न साली मुंबई राज्याच्या. बासष्टपासून महाराष्ट्राच्या. ताडकळस जागचं हललं नाही, राज्य तीनदा बदललं, असं म्हणून ते मुलींना हसवत. मग सांगत की आमदाराच्या मताची किंमत राज्याच्या लोकसंख्येवर ठरते, महाराष्ट्रात ती एकशे पंच्याहत्तर. आणि या मतासाठी पक्षाला आदेश काढता येत नाही. ज्याचं त्याने ठरवायचं.

"आप्पांनी ते मत दिलं दोन हजार सात साली," भक्ती म्हणाल्या. "राज्यातली बाई उभी होती. गावात तेव्हा पेढे वाटले होते. म्हणून लोकांना एवढं लागलंय."

आप्पांच्या जवळची कोण आणि विरोधातली कोण, तेवढं राजेश्रीने विचारून घेतलं. चार नावं निघाली.

पहिली भेट भक्तींच्याच घरी झाली. आश्रुबांना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला, तेव्हापासून सारजाबाई त्यांची शुश्रूषा करत होत्या. त्यांना ध्वनिफितीचं काही वाटलं नव्हतं. वाटलं होतं ते वेगळंच.

"हे आप्पा मला ठावंच न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्या आले तवा त्यांची जीभ जड झाली होती. पानी मागितलं तरी मलाच समजायचं, ताईंनाबी न्हाई. इतकं मोकळं बोलताना म्या त्यांना आज ऐकलं, ते गेल्यावर."

दुसरे बजरंग. आश्रुबा आमदार असताना त्यांची गाडी चालवायचे, आता पोखर्णीला शेती बघत. नरसिंहाच्या देवळापुढे ते भेटले. आमदारांच्या मुंबईच्या सगळ्या वाऱ्या त्यांनी केल्या होत्या, हे ते दोनदा बोलले. भागवतरावांशी त्यांचं लगेच जमलं. कुठल्या घाटात कुठला गिअर, यावर दोघं बराच वेळ बोलले. राजेश्रीने त्यांना बोलू दिलं आणि मग राष्ट्रपतीच्या निवडणुकीच्या दिवसाचं विचारलं.

"त्या दिवशी साहेब लय खुशीत होते," बजरंग म्हणाले. "विधानभवनाकडं जाताना गाडीत पेपराच्या कडंला एक, एक, एक काढीत बसले. म्या म्हनलं, काय करायलाव? तर म्हनले, बजरंगा, आज एक गिरवायचाय, तो नीट आला पायजे. लय वर्षांनी पाटी हातात आली बघ."

"मत कुणाला दिलं?"

"इचारलं होतं. म्हनले, गाडी बघून चालव."

ताडकळसच्या वाटेवर भागवतरावांनी निकाल लावून टाकला. बजरंग सरळ माणूस, सारजाबाई गरीब, पुतण्या घरातला, म्हणजे उरला व्यंकटी. आश्रुबांच्या विरोधात जन्म घालवलेला माणूस, आणि त्याच्या दारात बैल असणारच.

बैल होते. गळ्यात घुंगरंही होती. व्यंकटी ऐंशीच्या घरातले, पण बैलांना पेंढी स्वतः टाकत होते. बैल मान हलवी तेव्हा घुंगरं खुळखुळत, तो खाली तोंड घाली तेव्हा गप्प होत. भागवतरावांनी राजेश्रीकडे अर्थपूर्ण पाहिलं.

"बाई, मीच केलं म्हनून आलात ना?" व्यंकटींनी बसायला बाज ओढली. "आश्रुबाची आन् माझी दुश्मनी होती, पर तिला कायदा होता. निवडनुकीत शिव्या, निकालानंतर चहा. मेलेल्या मानसाशी मी लढत न्हाई. जिता असताना हरवलं असतं तर मजा होती."

हरवलं नाही कधी? त्याला न्हाई, ते म्हणाले, त्याच्या थोरल्या भावाला हरवलं. ऐंशीच्या आधी जिल्हा परिषदेला भुजंग सोनटक्के उभा होता आणि त्याच्या विरोधात व्यंकटी. आश्रुबाने भावासाठी गावभर सभा घेतल्या. मतमोजणी पहाट होईपर्यंत चालली आणि व्यंकटी अगदी काठावर निवडून आले.

"मुलींची शाळा त्यातूनच आली. मी म्हनायचो आधी शाळा, भुजंग म्हनायचा आधी गोदाम. आता गोदाम कुठं आन् शाळा कुठं ते बघा."

चौथी भेट परतीच्या वाटेवर होती. पिंगळीच्या अलीकडे रस्त्याकडेला योगीराजची रसवंती होती. योगीराज म्हणजे भुजंगचा मुलगा, आश्रुबांचा पुतण्या. वय पन्नाशीचं, अंगावर पांढरा कडक शर्ट. येत्या निवडणुकीला उभा राहणार, हे त्याच्या फलकावरच लिहिलं होतं.

त्याने बसवून घेतलं, लिंबू-आलं घालून रस काढायला सांगितला. चरकाच्या चाकाला बांधलेली घुंगरं छनछन फिरू लागली. काकांच्या बदनामीने आपलंच नुकसान झालंय, तो म्हणाला, सोनटक्के नाव दोघांचं एकच. त्याचा संशय व्यंकटींवर होता.

"काका इथे यायचे का?" राजेश्रीने विचारलं.

"छे. त्यांना शुगर होती. रसवंतीला त्यांचा पाय कधी लागलाच न्हाई."

राजेश्रीने ग्लास संपवला आणि रस चांगला असल्याचं सांगितलं.

"व्यंकटीच," गाडीत भागवतराव म्हणाले. "बैल बघितले ना?"

"बघितले. तुम्ही ऐकले का?"

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा नव्या वाचनालयातच भरली. कपाटं अजून रिकामी होती, भिंतींना रंगाचा वास होता. सरपंच मनकर्णाबाईंनी विषय वाचला आणि राजेश्रीला बोलायला सांगितलं. पुढच्या सतरंजीवर व्यंकटी होते, मागे भिंतीला टेकून योगीराज. भक्ती दाराजवळच्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या.

राजेश्रीने आधी ध्वनिफीत सगळ्यांना ऐकवली.

"आवाज आश्रुबांचा आहे," ती म्हणाली. "शब्दही त्यांचेच. त्यात काही बनावट नाही. बनावट आहे ती वरची ओळ."

कुजबूज झाली. ती थांबेपर्यंत राजेश्री थांबली.

"आपण मत द्यायचं म्हटलं की काय करतो? आता बटण दाबतो, पूर्वी शिक्का मारायचो. कुठे? चिन्हावर. त्यामुळे हे ऐकून गावात कुणालाच वावगं वाटलं नाही. पण राष्ट्रपतीच्या मतपत्रिकेवर चिन्ह नसतं. फक्त नावं असतात. आणि शिक्का मारायचा नसतो. आपल्या पसंतीच्या नावापुढे एक हा आकडा लिहायचा, दुसरी पसंती द्यायची तर त्या नावापुढे दोन. बजरंग इथे बसलेत. त्यांच्या गाडीत आश्रुबा वाटेत काय गिरवत होते?"

"एक," बजरंग म्हणाले. मग त्यांनाच उमगलं आणि ते शेजाऱ्याकडे बघत पुन्हा म्हणाले, "एक गिरवीत होते की."

"जो माणूस वर्षानुवर्षं शाळेत हेच शिकवायचा, तो स्वतःच्या त्या मताला शिक्का म्हणेल? आश्रुबा दुसऱ्याच कुठल्या निवडणुकीबद्दल बोलत होते. कुणीतरी मागचंपुढचं कापून मधला तुकडा ठेवला. भक्तीताई, तुमच्याही ते ध्यानात आलं असतं. पण तुम्ही एकदाच ऐकलंत, आणि ऐकला तो आवाज."

भक्तींनी मान हलवली.

"आता कापलं कुणी? आवाज खणखणीत आहे, म्हणजे लकवा होण्याआधीचा. सारजाबाई नंतर आल्या, त्यांच्याकडे असा आवाज असूच शकत नाही. बजरंगना ती निवडणूक डोळ्यांसमोर घडलेली. खोटं रचायचं तर त्यांनी शिक्क्याची चूक केली नसती. मागे घुंगरं आहेत. भागवतरावांना वाटलं बैलांची."

"वाटलं होतं," भागवतराव मोकळेपणाने म्हणाले.

"बैल मान हलवेल तशी घुंगरं वाजतात, मध्येच थांबतात. ही थांबत नाहीत. एकसारखी फिरतात. चाकाला बांधलेली घुंगरं आहेत ही. रसवंतीच्या चरकाची."

माना मागे वळल्या. योगीराज भिंतीपासून सुटा झाला. जिल्ह्यात रसवंत्या काय एकच हाय का, त्याने विचारलं.

"नाहीत. म्हणूनच मी विचारलं, काका इथे यायचे का. हो म्हणाला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं. कुणीही गिऱ्हाईक ते रेकॉर्ड करू शकलं असतं. पण तुम्ही त्यांचा पाय तिथे लागलाच नाही म्हणालात."

"आप्पा दर गुरुवारी रस प्यायचे," भक्ती पहिल्यांदाच बोलल्या. "योगीदादाकडेच. मला चोरून. दोघांना वाटायचं मला माहीत नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"उरला एकच प्रश्न," राजेश्री म्हणाली. "जिच्यातलं मत घरातल्या माणसांनाही कळू दिलं नाही अशी ही निवडणूक कोणती? पक्ष आपला, चिन्ह आपलं, स्वतः गावभर सभा घेतलेल्या. आणि शिक्का समोरच्याला. व्यंकटीराव, तुम्ही काठावर निवडून आलात ती."

व्यंकटींनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मनकर्णाबाईंनी योगीराजला खरंखोटं विचारलं. मग त्याचा कडक आवाज गेला आणि साधा, घरातला आवाज आला.

"माझ्या बापाला सख्ख्या भावानं पाडलं. बाप मरेपर्यंत म्हनत होता, गावानं दगा दिला. काकानं ते मला रस पिता पिता हसत सांगितलं, जशी गंमतच. आन् आता भिंतीवर नाव कुनाचं? काकाचं."

"मग गावाला तेच सांगायचं होतं," राजेश्री म्हणाली. "पण ते सांगितलं असतं तर शाळा कुणाच्या शिक्क्याने आली, हेही कळलं असतं. म्हणून तुम्हाला दुसरं मत शोधावं लागलं. गावातल्या कुणी कधी बघितलेलं नाही असं."

भक्ती उठून त्याच्यापाशी गेल्या.

"पूर्ण आहे का तुझ्याकडे?"

त्याने फोन काढला. आधी चरक ऐकू आला, मग आश्रुबा. भुजंगदादा मनाने चांगला, ते सांगत होते, पण त्याच्या डोक्यात गोदाम बसलं होतं. आणि घरी ही भक्ती, पाच-सहा वर्षांची, दगडाने ओट्यावर अक्षरं काढायची आणि विचारायची, पुढचं कोण शिकवणार? मतदानाला गेलो, शिक्का हातात घेतला, आणि ओट्यावरची अक्षरं दिसायला लागली. मग तो तुकडा आला, शिक्क्याचा. पण त्यानंतरही ते बोलत होते.

"दादाला सांगायला पायजे होतं. तुज्या बापाला, योगी. माझ्यात तेवढी हिंमत झाली न्हाई. म्हनून तुला सांगायलोय. तू माझ्यावर रागव, पर शाळेवर रागवू नको."

योगीराजने फोन बंद केला. हा शेवट आपण किती वेळा ऐकला, हे तो कुणाला सांगणार नव्हता.

नावाच्या ठरावाला पहिला हात व्यंकटींचा वर गेला. "इतकी वर्षं माज्या घरी चहा प्याला," ते शेजाऱ्याला म्हणाले, "आन् हूं की चूं न्हाई." मग हात वर होत गेले. मनकर्णाबाईंनी मोजले नाहीत, मोजायची गरज नव्हती. योगीराजचा हात खालीच होता. भक्ती त्याच्या शेजारी सतरंजीवर बसल्या आणि सभा संपेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

गाडीपर्यंत त्या सोडायला आल्या. भागवतरावांनी किल्ली फिरवली, पुन्हा बंद केली. त्यांना राहवेना.

"ताई, पर मग राष्ट्रपतीला आप्पांनी मत दिलं तरी कुनाला?"

राजेश्री त्यांना गप्प करणार होती. भक्तींनी हाताने थांबवलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आता कुणालाच कधी कळणार नाही. ज्याचं त्याने ठरवायचं."

शाळा सुटली होती. मुली सायकली ढकलत दारातून बाहेर पडत होत्या. भागवतरावांनी त्यांना जाऊ दिलं आणि मग गाडी परभणीच्या रस्त्याला लावली.