नमुनाबाईची रेघ

सकाळी सातला पाळी सुरू झाली की रूपाली बुगड आधी मागाला हात जोडायची आणि तासाभरात त्याच हाताला पट्टा बांधून बसायची. इचलकरंजीच्या त्या कारखान्यात आता साड्या-धोतरं निघत नव्हती, जाणतं कापड निघत होतं. त्याच्या विणीत केसाहून बारीक असे धागे असत. घामातली साखर, इन्सुलिन आणि बाकीची संप्रेरकं त्यांना ओळखू यायची. पट्टा मनगटाला बांधला की शरीरात काय चाललंय त्याची रेघ फोनवर उमटायची. पाळीच्या तक्रारी असलेल्या मुलींना डॉक्टर हा पट्टा औषधासारखा लिहून देत.

असलं कापड जिवंत माणसाच्या घामाशिवाय तपासता येत नाही. म्हणून नियम असा, की जिने विणलं तिनेच दिवसाचा पहिला पट्टा पाच मिनिटं स्वतःच्या हाताला बांधायचा. पडद्यावर दोन रेघा यायच्या. तांबडी तिची स्वतःची आणि निळी प्रमाण रेघ, म्हणजे निरोगी बाईचा नमुना. विणकर बायकांनी त्या निळ्या रेघेचं बारसं करून टाकलं होतं, नमुनाबाई. ही बया कधी उपाशी राहायची नाही, तिची झोप मोडायची नाही, नवऱ्याशी वाजायचं नाही. "आज काय म्हणते गं नमुनाबाई?" हा सकाळचा रामरामच होऊन बसला होता.

रूपालीचं मात्र या बाईशी पहिल्या दिवसापासून जमलं नाही. तिची तांबडी रेघ निळीला सोडून भलतीकडेच चढायची. या मागावर येऊन तिला तीन आठवडे झाले होते आणि रोज हेच चाललं होतं. तपासणीवरच्या खोतमास्तरांनी माग खोलून बघितला, सूत बदललं. रूपालीच्या सुट्टीच्या दिवशी त्याच मागावर दुसरी विणकर, शबाना, बसली तर तिचा पट्टा पहिल्या फटक्यात पास!

"वहिनी, माग तोच, सूत तेच. तुमचा हात जड पडतोय," मास्तर म्हणाले आणि पट्ट्यावर तांबडा शिक्का मारला. दोष.

रूपालीला ते लागलं. वीस वर्षं मागावर काढलेली बाई ती, तिच्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात दुसरीच गोष्ट होती. "एवढा एक पट्टा घरी नेऊ का?" तिने विचारलं. "न्या की, खोटाच तर आहे," मास्तर म्हणाले.

घरी समृद्धी होती. सतरा वर्षांची, अकरावीतली, भर उकाड्यात गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसलेली. दोन महिन्यांपूर्वी पीरजादे डॉक्टरांनी तिला सगळं नीट समजावलं होतं. बीजांडकोशात बीजं पिकायला लागतात आणि अर्ध्यात थांबतात, म्हणून पाळी महिनेमहिने येत नाही. इन्सुलिनचं ऐकायला शरीर कुरकुर करतं, म्हणून मान काळवंडते. पुरुषी संप्रेरकं थोडी वाढतात, म्हणून हनुवटीवर केस येतात. "कायमचं जाणार नाही, पण छान सांभाळता येतं. आणि यात तुझा काही गुन्हा नाही, बरं का," असंही त्या म्हणाल्या होत्या. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन पट्टा, गोळ्या, सगळं कपाटात कोंबलं. मैत्रिणींकडे जाणं बंद केलं. पूर्वी दोन घरांपलीकडे ऐकू जाणारं तिचं हसू आता घरातसुद्धा ऐकू येत नव्हतं आणि रूपालीला त्याचीच धास्ती होती.

"समू, बांध की गं तो पट्टा."

"कशाला? माझ्यात दोष आहे हे रोज उठून बघायला?"

सकाळचा तांबडा शिक्का रूपालीच्या डोळ्यांपुढे आला. तिने पिशवीतून स्वतःचा पट्टा काढला. "बरं, तो नको. हा घाल. हा खोटाच आहे, काय वाट्टेल ते दाखवतोय. आईनं विणलाय म्हणून घाल."

समूने शिक्का बघितला, आईकडे बघितलं आणि हात पुढे केला. आईचंच लेकरू, एवढं तरी ऐकणारच.

फोन पट्ट्याशी जुळला आणि गोड आवाजात म्हणाला, "तुमची पाळी कधी असते?"

"पहिली! सात ते तीन!" आतून भाकरी थापता थापता रूपाली ओरडली.

समू अशी हसली की शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून बघितलं. रूपालीला आधी कळेचना आपलं काय चुकलं. कळल्यावर ती पिठाचे हात तोंडावर धरून हसत सुटली. तिचा जीव भांड्यात पडला. पोर अजून हरवली नव्हती.

चार दिवसांनी, रविवारी दुपारी, समू दोन्ही हातांना पट्टे बांधून आली. एका हाताला डॉक्टरांचा, दुसऱ्याला खोटा.

"आई, बघ इकडं. दोन्ही सारखंच दाखवतायत."

"असं कसं? माझा तर बाद झालाय."

"तो बाद नाहीये. हात दे तुझा."

तिने डॉक्टरांचा पट्टा आईच्या मनगटाला बांधला. पाच मिनिटं दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. रेघ निघाली, चढली आणि चढलेलीच राहिली.

"आई," समू हळूच म्हणाली, "ही तर माझी रेघ आहे."

रूपाली बघतच राहिली. लग्नानंतरची नऊ वर्षं तिच्यासमोर उभी राहिली. समू पोटात येईपर्यंतची ती नऊ वर्षं, सासूबाईंची बोलणी, न्हाणीघराला आतून कडी लावून हनुवटीचे केस उपटणं. असे केस जगात आपल्या एकटीलाच येतात असं तिला वाटायचं. तिला रडू आलं. आजाराचं नव्हे, तेव्हाच्या त्या वेड्या रूपालीचं, जी रोज सकाळी मान घासायची आणि कुणाला काही विचारायची नाही. "रोज मान घासायचे गं मी," ती म्हणाली.

"कशानं घासायचीस?" समूने विचारलं.

"आधी बेसन-हळद. मग वजरी."

"दगडानं? मानेला?"

"रक्त येईस्तोवर, बाई."

समूने गळ्याची ओढणी सोडली, तिच्या टोकाने आईचे डोळे पुसले आणि ती तशीच खाटेवर टाकून दिली. मग कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "उद्या डॉक्टरांकडं जायचं, दोघींनी. आणि जेवल्यावर अर्धा तास चालायचं, पट्टा बांधून. रेघ उतरते का बघू."

"गळ्याला काही न गुंडाळता?"

"न गुंडाळता."

सोमवारी सकाळी तांबडी रेघ पुन्हा भलतीकडे गेली. मास्तरांनी शिक्का उचलला तसा रूपालीने पट्ट्यावर हात आडवा ठेवला.

"थांबा मास्तर. कापड खरं आहे. मीच अशी आहे, आणि माझी लेकपण. मला एक सांगा, ही नमुनाबाई राहती कुठं? मला भेटायचंय तिला."

मास्तर हसले. रूपाली हसत नाही हे बघून वरमले. माणूस सरळ होता. त्यांनी प्रमाण रेघेची जुनी फाइल उघडून वाचली आणि चष्मा काढला. दोनशे निरोगी बायकांची सरासरी काढून ती रेघ आखली होती. ज्यांची पाळी वेळेवर येत नाही अशा सगळ्या जणी सुरुवातीलाच गाळल्या होत्या. गोंधळ नको, म्हणून.

"म्हणजे अशी बाई कुठंच नाही," रूपाली म्हणाली.

मास्तरांनी फाइल मिटली. ते उठून गोदामाकडे निघाले आणि ती मागोमाग गेली. कोपऱ्यात बाद पट्ट्यांची दोन पोती होती, दोन वर्षांची. नियमाप्रमाणे प्रत्येक पट्ट्याला विणणारीच्या नावाची चिठ्ठी टाचलेली. मास्तर चिठ्ठ्या वाचू लागले. तीच ती सात-आठ नावं पुन्हा पुन्हा येत होती. एक नाव तर सलग महिनाभर होतं, सुरेखा म्हेतर. चार वर्षं मूल नाही म्हणून रोज घरची बोलणी खाऊन कामावर येणारी. हात जड पडतो म्हणून मास्तरांनीच तिला दोन वर्षांपूर्वी मागावरून काढलं होतं.

"कापड खरं सांगत होतं," मास्तर पुटपुटले, "आणि आपण त्याच्यावरच शिक्के मारत बसलो."

रूपालीने ती चिठ्ठी सोडवून घेतली. सुरेखा आता माहेरी असते, कबनूरला, एवढं तिला ठाऊक होतं. तीनला पाळी सुटल्यावर समूला घेऊन डॉक्टरांकडे जायचंच होतं, तिथून तसंच पुढे कबनूरला जाता येईल. पण दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं? बाई गं, तुझ्या हातात दोष नव्हता, तुझ्यातही नव्हता, हे दोन वर्षं उशिरा कसं सांगायचं?