माक्याला आवतण

सुनंदाबाई चौधरींच्या घरात त्यांच्या परवानगीशिवाय मांजरही शिरत नसे. जळगावच्या बळीराम पेठेतलं तीन खोल्यांचं घर, मागे परस आणि परसात न्हाणी, एवढाच काय तो त्यांचा मुलूख. पण कारभार असा, की कचेरीत कारकून असलेले त्यांचे यजमान जीवरामभाऊ स्वतःच्याच दारात चपला काढताना आधी आतला अंदाज घेत. "माझ्या घरात माझं चालतं," हे वाक्य बाई दिवसातून तीनदा तरी म्हणत आणि ते खरंही होतं.

बाईंचं माहेर धुळ्याचं. तिथे त्या इंग्रजी तिसरीपर्यंत शिकल्या होत्या. त्यामुळे पेठेतल्या बायका त्यांना अडाणी वाटत आणि खेड्यातल्या बायका तर त्यांच्या मोजणीतच नव्हत्या. बाजाराच्या दिवशी नशिराबादकडून डोक्यावर बोचकी घेऊन येणाऱ्या बायकांकडे त्या अशा नखशिखांत बघत, की समोरची आपोआप पदर सारखा करी.

चोपन्न सालच्या भाद्रपदात त्यांची एकुलती एक मुलगी विमल विषमज्वराने पडली. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पोर वाचली, पण केस गेले. कंगवा फिरवला की मूठभर हातात येत. दिवाळीपर्यंत उंदराच्या शेपटीएवढी वेणी उरली. आणि माघात धुळ्याची मंडळी तिला बघायला येणार होती. मुलगा तिथल्या शाळेत मास्तर, घरची शेती, चांगली माणसं. मध्यस्थी करणाऱ्या लोटनअप्पांनी जास्तीचं शहाणपण करून सांगून ठेवलं होतं, "पोरीचे केस गुडघ्याला लागतात." ऐकून मुलाची आई खूश झाली होती.

दुकानातली तीन तेलं लावून झाली. "हिरवा रंग आणि अत्तर घातलेलं गोडेतेल आहे मेलं," असा निकाल देऊन बाईंनी तिन्ही बाटल्या न्हाणीत ओतल्या आणि एका मासिकातलं कात्रण काढलं. घरच्या घरी तेल, उटणं, दंतमंजन कसं करावं, ते त्यात होतं. बाईंनी सुरुवात दंतमंजनापासून केली. कडुलिंबाची साल आणि कोळसा त्यांनी असा काही कुटला, की जीवरामभाऊंच्या हिरड्यांतून रक्त आलं. "छान आहे," ते चूळ भरून म्हणाले. मग शिकेकाई, रिठे, आवळकाठी कुटून झाली. राहिलं तेल, आणि तेलाला लागत होता ओला माका.

नशिराबादची धुरपदाबाई बाजारात पोत्यावर मुळ्या, साली, पाला मांडून बसे. परतताना ती पेठेतल्या परसदारांवरून जाई. बाईंनी तिला बोलावलं, पण पायरीवर बसू दिलं नाही.

"ओला माका इकत नाई मी, बाई," धुरपदाबाई उभ्यानेच म्हणाली. "ज्याचा त्यानं आनावा. मेहरूनच्या तयाकाठी पाय ठेवाले जागा नाई, इतका हाये. पन आधी त्याले आवतन द्या लागते."

"काय द्यावं लागतं?"

"आवतन. सांजच्याले जायाचं, हयद-कुकू वहायचं, चार अक्षता टाकायच्या. कोनासाठी पाह्यजे त्याचं नाव घ्यायचं, आपलं घर सांगायचं. म्हनायचं, उद्या तुले न्याले येते. आन् सकायी न बोलता जाऊन आनायचं."

सुनंदाबाईंनी हसू दाबलंसुद्धा नाही. "आणि आवतण देऊन नाही गेलं न्यायला तर? रुसतो का तुझा माका?"

"रुसत नाई," धुरपदाबाई म्हणाली आणि बोचकं डोक्यावर घेऊन निघून गेली.

ही गंमत बाईंना पोटात ठेवणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी शेजारच्या कुंदाबाईंना घेऊन त्या मेहरूण तलावावर फिरायला गेल्या. काठच्या ओल्या मातीत माका पसरलेला होता, टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी फुलं आलेला. हळद-कुंकू कोण आणतंय! बाईंच्या हातात भाजलेल्या शेंगा होत्या. त्यांनी दोन टरफलं अक्षता म्हणून फेकली, पायातली चप्पलही न काढता हात जोडले आणि एखाद्या बड्या घरी लग्नाचं आमंत्रण द्यायला जावं अशा आवाजात सुरू केलं.

"ऐकलंत का हो माकाबाई? बळीराम पेठ, पिंपळाच्या पारासमोर, जीवराम चौधरींचं घर. आमच्या विमलच्या केसांसाठी बोलावते आहे. न्यायला यायला मला काही सवड नाही, तेव्हा तुमचं तुम्हीच या. चांगल्या चार दिवस राहा. संकोच करू नका, घर आपलंच समजा."

कुंदाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटचं वाक्य ऐकून मात्र त्या थांबल्या. "अहो, एवढं नको हो," त्या म्हणाल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तलावावर गेल्या नाहीत. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडून त्यांनी माक्याची जुडी मागवली, ठेचली, लोखंडी कढईत तिळाच्या तेलात उकळली. तेल उतरलं फिकट हिरवं, पालेभाजी धुतलेल्या पाण्यासारखं. बाईंनी नाक मुरडून ते बरणीत भरलं. बरणी तीन बोटं रिकामी राहिली.

पुढच्या सकाळी बरणी काठोकाठ भरलेली होती आणि तेल शाईसारखं काळं झालं होतं.

"मुरलं," बाई म्हणाल्या.

त्याच सकाळी परसदाराच्या उंबऱ्यापाशी बोटभर ओला चिखल होता. मार्गशीर्ष महिना, गल्लीत धूळ उडत होती, दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. बाईंनी भांडी घासणाऱ्या भिकुबाईला फैलावर घेतलं.

"मी तं आत्ता येऊन राहिली, बाई," भिकुबाईने पाय उचलून तळवे दाखवले. ते कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी चिखल स्वयंपाकघरात होता. तिसऱ्या दिवशी माजघरात. त्याला तलावाच्या काठाचा थंड, हिरवट वास होता. चौथ्या दिवशी तो विमलच्या अंथरुणापाशी होता, आणि त्यानंतर घरात कधी चिखल दिसला नाही. बाईंनी भिकुबाईला सुनावलं, "बघ, ओरडल्यावर कसे पाय धुऊन येतेस!"

विमलच्या केसांनी मात्र कमाल केली. आठ दिवसांत चार बोटं वाढले. संक्रांतीला पाठीवर आले, पुढच्या पंधरवड्यात कमरेखाली गेले. काळेभोर, दाट, हात लावला तर नुकते धुतल्यासारखे गार. पेठेतल्या बायका तेल मागायला आल्या. बाईंनी त्यांना दारातच उभं करून थोडं थोडं दिलं, वर चार शब्दही ऐकवले. कुंदाबाईंनी महिनाभर लावलं. त्यांची फक्त उशी काळी झाली.

"करणाऱ्याचा हात लागतो," बाई म्हणाल्या.

एका दुपारी त्या स्वयंपाकघरात भाकरीसाठी कळण्याचं पीठ मळत होत्या. पडवीतून विमलचा आवाज आला.

"आई, हात किती गार गं तुझे आज. पण छान वाटतंय."

बाईंनी वाकून पाहिलं. विमल पाठमोरी बसली होती, एकटी. मांडीवरच्या सुपात तांदूळ होते आणि तिचे दोन्ही हात खडे वेचत होते. तिची वेणी अर्धी घातलेली होती.

"विमे!"

विमलने वळून पाहिलं. "अगं, तू आत केव्हा गेलीस?"

बाईंनी तिला उन्हात बसल्याबद्दल रागावलं. आवाज नेहमीसारखा चढला नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

मग लहानसहान गोष्टी होऊ लागल्या. जीवरामभाऊ कचेरीतून येत, चपला काढत आणि माजघराकडे तोंड करून म्हणत, "चहा टाका." बाई स्वयंपाकघरात असत. भिकुबाई दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनी तिला धरलं.

"बाईले इचारून गेलती," भिकुबाई म्हणाली.

"मला कधी विचारलंस?"

भिकुबाई गोंधळली. "तुमाले नाई. बाईले." आणि तिने माजघराकडे पाहिलं.

त्या दिवशी बाईंनी कात्री काढली. विमल जेवून झोपली होती. वेणी चटईवरून खाली जमिनीवर पसरली होती, आणि केसांच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी पांढरं होतं. बाईंनी वेणी मुठीत धरली. ती ओली होती. कात्रीची पाती उघडली.

पण चार दिवसांनी धुळ्याची मंडळी येणार होती. ठिकाण चांगलं होतं. विमल एकोणिसावं ओलांडत होती, आणि बोडक्या पोरीला दुसरं कोण विचारणार होतं?

बाईंनी कात्री परत फडताळात ठेवली.

बाजाराच्या दिवशी त्या सकाळपासून परसदारात उभ्या होत्या. धुरपदाबाई दिसताच त्यांनी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका खेडवळ बाईला "या, बसा" म्हटलं. म्हातारी उंबऱ्याच्या बरीच अलीकडे थांबली.

"न्याले गेलत्या का?"

"नाही."

"काय म्हनलं व्हतं आवतन देतांना?"

सुनंदाबाईंनी सांगितलं. सगळं, टरफलांसकट. शेवटचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज अगदी खाली गेला.

धुरपदाबाईने बोचकं डोक्यावर घेतलं.

"अगं, काहीतरी सांग! घालवायचं कसं हिला?"

"पाव्हनीले घरधनीन घालवते," म्हातारी म्हणाली. "घर जिचं हाये तिनं घालवायचं."

सुनंदाबाई गर्रकन वळल्या आणि घरात तोंड करून ओरडल्या, "चालती हो! माझं घर आहे हे. माझ्या घरात माझं चालतं!"

आत काही हाललं नाही. फक्त ओल्या मातीचा वास आला.

त्यांनी मागे पाहिलं. धुरपदाबाईने हात जोडले होते. ती बाईंच्या खांद्यावरून आत बघत होती.

"येते व माय," ती अदबीने म्हणाली. ते सुनंदाबाईंना नव्हतं.

धुळ्याची मंडळी ठरल्या दिवशी आली. मुलाची आई कमलबाई ठसठशीत, बोलकी बाई होती. विमलने नमस्कारासाठी वाकून वेणी पुढे घेतली, ती जमिनीला टेकली. "लोटनअप्पांनी कमीच सांगितलं म्हणायचं," कमलबाई म्हणाल्या. पोहे झाले, चहा झाला. तिथेच सुपारी फुटली. सुनंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पोहे त्यांनीच केले होते. जिंकल्यासारखं वाटून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळी भीती वेडेपणाची होती, असं त्यांना घटकाभर खरंच वाटलं.

निघताना कमलबाईंनी कुंकवाचा करंडा मागितला. "आधी विहीणबाईंना लावते."

सुनंदाबाईंनी पदर सावरला आणि कपाळ पुढे केलं.

कमलबाई त्यांच्या समोरून गेल्या. माजघरात विमलशेजारी एक पाट मांडलेला होता. कमलबाई त्याच्यापुढे वाकल्या. त्यांनी पाटाच्या वर, माणसाचं कपाळ असावं तिथे, बोट टेकवलं. "केस कुणाचे घेतले ते आता कळलं हो," त्या कौतुकाने म्हणाल्या.

बोट परत आलं तेव्हा त्यावर कुंकू नव्हतं.

"अहो," सुनंदाबाई म्हणाल्या. "मी इथे आहे."

कमलबाईंनी वळून त्यांच्याकडे नखशिखांत पाहिलं. सुनंदाबाईंनी आपोआप पदर सारखा केला.

"या कोण?" कमलबाईंनी विचारलं.

जीवरामभाऊ बराच वेळ बघत राहिले. कुठेतरी पाहिलेलं माणूस आठवावं तसे. मग त्यांनी मान हलवली.

विमल उठली. ती मनाने चांगली मुलगी होती. तिने कोपऱ्यातली चटई ओढून दाराशी अंथरली.

"बसा ना मावशी," ती म्हणाली. "संकोच करू नका. घर आपलंच समजा."