सातव्या रांगेतला दगड

सैनिकी दफनभूमीत माळी म्हणून मला सव्वीस वर्षं झाली. काम सांगायला सोपं आहे. गवत कापायचं, दगड धुवायचे आणि रांगा सरळ ठेवायच्या. माती बसते, त्यामुळे दगड कलतात. मग रांगेच्या दोन टोकांना खुंट्या ठोकून मी दोरी ताणतो, ओळंबा लावतो आणि जो दगड चुकला असेल तो उकरून पुन्हा बसवतो. यात भुताखेतांना कुठेही जागा नाही, आणि तसं विचारणाऱ्यांना मी फार गोड उत्तरंही देत नाही.

दोनशे चौदा दगडांपैकी एकतीस निनावी आहेत. त्यांतला एक माझा दादा. त्याची पलटण दफनभूमीच्या याच टेकडीवर संपली, एवढंच आम्हाला कळवलं गेलं. एकतिसांतला नेमका कोणता, तेवढं कळावं म्हणून आई जगत होती. "कुठे बसायचं तेवढं सांगा मला," म्हणायची. तोवर रोज दुपारी विणकाम घेऊन ती सातव्या रांगेजवळच्या बाकावर बसायची.

"आई, पगार तुलाच द्यायला हवा. माझ्यापेक्षा तुझी हजेरी चोख," मी चिडवायचो.

"तू आपलं गवत बघ."

सातव्या रांगेतला चौथा दगड पहिल्यांदा कलला तेव्हा मी घुशींच्या नावाने खडे फोडले. निनावी दगड होता, बाकाच्या दिशेने दोन बोटं झुकलेला. सरळ करून खाली खडी ठोकली. पंधरा दिवसांत पुन्हा तेवढाच. मग सिमेंट ओतलं, तर सिमेंटसकट कलला. शेवटी मी कुणाला न सांगता बाकच उचलला आणि रांगेच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून आई कुरकुरली, पण बसली.

नवव्या दिवशी दगड उलट्या बाजूला कलला.

मी काही बोलणार नव्हतो. आईनेच पाहिलं. विणकाम बाजूला ठेवून ती उठली आणि दगडावर हात ठेवून उभी राहिली.

"हाच," ती म्हणाली. "लहानपणी झोप आली की असाच कलंडायचा माझ्या अंगावर."

"माती भुसभुशीत आहे गं आई."

"मग तू रडतोस कशाला?"

खरंच रडत होतो.

कबर उघडायच्या परवानगीसाठी दोन वर्षं अर्ज-विनंत्यांत गेली. सैनिकी कबरींच्या नोंदणी कार्यालयातले साहेब भले गृहस्थ होते, पण त्यांनी बजावून सांगितलं. एकच कबर, एकदाच. निकाल काहीही आला तरी दुसरी उघडणार नाही. आईने सही केली. हाडांशी ताडून बघायला तिच्या गालातून कापसाच्या काडीने नमुना नेला.

निकाल सांगायला साहेब स्वतः घरी आले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आजी, तो तुमचा नाही. दुसऱ्या गावचा निघाला. एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या पुतणीशी जुळलं."

आईने विचारलं, "त्याची आई?"

"केव्हाच गेल्या. मुलगा इथे आहे हे त्यांना कळलंच नाही."

"म्हणजे त्याच्याकडे कधी कोणी आलंच नाही."

"तुम्ही येत होतात ना," साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून आईने अंथरूण धरलं. आमचं घर दफनभूमीच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे. तिची खाट खिडकीशी आहे. विणकामाला तिने पुन्हा हात लावला नाही.

महिन्याभराने त्या दगडावर नाव कोरलं गेलं. मी दोरी ताणून पाहिली. दगड ओळंब्यात होता, केसभरही फरक नाही.

उरलेले तीस निनावी दगड कलले होते.

बाकाकडे नाही. आमच्या घराकडे.

पहार घेऊन पहिल्यापाशी बसलो. या तिसांत दादा होता. मी एकेक दगड मोजून पाहिला. सगळे दोन बोटं. एकही जास्त झुकलेला नव्हता. दादा, अरे, निदान तू तरी, असं मी मोठ्याने म्हणालो. मग पहार तिथेच टाकून घरी आलो.

आईला सांगितलं.

"किती?" तिने विचारलं.

"तीस. सगळे."

तिने मान खिडकीकडे वळवली.

"खिडकी उघडी ठेवत जा," म्हणाली.

तेव्हापासून मी त्या दगडांना हात लावलेला नाही. गवत मात्र दर सोमवारी कापतो. फाटकाकडून सुरू केलं की पहिल्या रांगेपर्यंतच्या पट्ट्यात यंत्राच्या अकरा फेऱ्या बसतात. सव्वीस वर्षं अकराच बसत आल्या.

या सोमवारी दहाव्या फेरीला पातं पहिल्या रांगेतल्या निनावी दगडाला लागलं.