दोनदा एंटर

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मावशी पंपघरात जात नसत. घरच्या टेबलावर बसूनच त्या तिथला कारभार हाकत. लॅपटॉपवर काळा पडदा उघडायचा, पंपघरातल्या जुन्या कॉम्प्युटरला, त्यांच्या भाषेत मशीनला, हाक मारायची, प्रोग्राम तिकडे पाठवायचा, तिथंच कंपाईल करायचा, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायचा, आणि तिथंच चालवायचा. इथं तयार केलेलं त्या म्हातारीला पचत नसे. स्वतःचं स्वतः रांधून खायचं, असा तिचा हट्ट. चित्रं नाहीत, माउस नाही. नुसती आज्ञा टाइप करायची आणि एंटर मारायचं. मावशी एंटर दोनदा मारत. पहिल्यावर त्यांचा भरवसा नसे. "मावशी दार वाजवतायत," अशी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातली पोरं चेष्टा करायची.

त्या प्रोग्रामच्या जोरावर टेकडीवरच्या वस्तीला पाणी चढे. मावशींचा भाऊ आणि भावजय तिथंच राहत. आता ऑफिसनं नवी यंत्रणा आणली होती आणि तिच्यात टेकडी कुठंच नव्हती. "टँकर पाठवू," साहेब म्हणाले होते. मावशींनी तोंडावर सुनावलं होतं, "तुमचा टँकर अर्ध्या चढावर धापा टाकतो. माझा हात चालतोय तोवर पंपच पाणी वर टाकेल."

त्या दुपारी किरकोळ दुरुस्ती करून त्यांनी प्रोग्राम पाठवला. कंपाईल व्हायला एरवी इतका वेळ लागे, की त्या चहा टाकून, गाळून परत येत. आज खुर्ची मागे सरकवायच्या आत उत्तर आलं. एकही चूक नाही. मावशींना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तरी त्यांनी प्रोग्राम चालवला. जरा वेळानं भावजयीचा फोन आला, "वन्सं, पाणी आलं हो!" तो ठेवतात तोच साहेबांचा.

"बाई, टेकडीचा पंप कोण चालवतंय?"

"मी. दुसरं आहे कोण?"

"कशावर चालवताय? ती मशीन काल काढली आम्ही. भंगारात गेली."

मावशी घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या एखाद्या मशीनला चुकून नेटवर्कवरचा तोच पत्ता दिला असेल, असं त्यांनी धरलं. पडद्यावर नाव विचारलं. जुनंच नाव आलं. डिस्कचा नंबर मागवला. तोही जुनाच, त्यांना तो पाठ होता. शेवटी त्यांनी मशीनचं तापमान विचारलं. काम करताना म्हातारी नेहमी पासष्ट अंशांच्या वर तापायची.

सदतीस.

पुन्हा विचारलं. सदतीस. पंप चालू, प्रोग्राम चालू, आणि आकडा निरोगी माणसाच्या अंगाएवढा. तसूभर हलेना.

साहेबांनी वायरमनला पंपघरात धाडलं. त्यानं आधी मावशींनाच फोन लावला.

"मावशी, इथं काहीच नाही. जमिनीवर मशीनच्या जागेचा चौकोन तेवढा स्वच्छ दिसतोय. वायर कापून टोकाला चिकटपट्टी लावलीय."

"आणि पंप?"

"पंप चालू आहे ना! म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

तेवढ्यात साहेबही त्याच फोनवर आले. "बाई, हा खेळ बंद करा. नाहीतर उद्यापासून कामावर यायचं नाही."

"मी येतेच कुठं? घरीच तर असते."

वायरमन फिसकन हसला. साहेब भडकले. "तू खटका पाड आधी!" म्हणाले आणि फोन आपटला.

खटका पडला. पंपाची घरघर फोनमधून विरत गेली. प्रोग्रामही थांबला, काळा पडदा नव्या आज्ञेची वाट बघत राहिला.

"आता खटका वर कर," मावशी म्हणाल्या.

"साहेब माझी सालटी काढतील."

"तुझी सासू राहते ना त्या वस्तीत? तिला काय सांगशील?"

खटका वर गेल्याचा आवाज आला. पण पंप आपला आपण सुरू होत नसे. प्रोग्राम चालवावा लागे. मावशींनी फोन टेबलावर ठेवला, आज्ञा टाइप केली आणि एंटरवर बोट नेलं.

बोट अजून वरच होतं.

फोनमधून आवाज आला. टक. टक.

पंप सुरू झाला.

"मावशी," वायरमन हळूच म्हणाला, "ते त्या चौकोनातून वाजलं."

मावशींनी पडद्याकडे पाहिलं. त्यांची आज्ञा तशीच होती. शेवटी कर्सर लुकलुकत होता.

"तुम्हीच केलंत ना?"

"मीच," मावशी म्हणाल्या. "साहेबांना जाऊन सांग. मीच केलं, आणि पुन्हा करीन."

दुसऱ्या दिवशी माणसं येऊन लॅपटॉप घेऊन गेली. मावशींनी तो हसत दिला. मग गाडी करून, गुडघे चोळत, त्या टेकडीवर भावाच्या घरी पोचल्या आणि थेट मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. नळ कोरडा होता.

"येईल हो, वन्सं," भावजय बादली सरकवत म्हणाली. "कालपासून आधी वाजतो मेला, मग येतो."

टक. टक.

धार सुरू झाली.

"भर," मावशी म्हणाल्या. "सगळी भांडी भर. बघू कोण बंद करतं." आणि त्यांनी धारेखाली हात धरला.

पाणी कोमट होतं. अंगाएवढं.