साडेसातला पुसला जाणारा पाऊस

दुपारी तीनला ती मोबाइल-टॅबच्या दुकानात शिरली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर बारा वाजले होते.

मामाच्या नाटकाचा आज पहिला प्रयोग, साडेसहाला. ध्वनीची जबाबदारी पहिल्यांदाच एकटीवर, आणि सकाळीच लॅपटॉपने मान टाकलेली. मामा घरी लाड करायचा, थिएटरात मात्र नातं दाराबाहेर ठेवायचा. "एक जरी आवाज चुकला, तर उद्यापासून तुझ्या जागी पुन्हा आधीचे ध्वनीवाले काका बसतील," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला होता.

"हा द्या," तिने सगळ्यात पातळ टॅबवर बोट ठेवलं.

"नको," काउंटरमागचा चष्मेवाला म्हणाला. "दिसायला देखणा आहे, पण जरा वेळाने तापतो. मग आवाज तडकतो."

"दुकानदार असून 'नको' म्हणता?"

"तुमचं काम काय आहे, ते तरी कळू द्या."

तिने पेनड्राइव्ह पुढे केला. सेहेचाळीस ट्रॅक, त्यांवर घुमारे, प्रतिध्वनी... त्याने ते सगळं काउंटरवर मांडलेल्या एका जाडसर, साध्या टॅबवर चढवलं आणि सगळे ट्रॅक एकदम सुरू केले. वीस मिनिटं वाजवून पाहिल्याशिवाय तो टॅब विकत नसे. इयरफोन एकच होता. एक टोक तिच्या कानात, दुसरं त्याच्या. वायर आखूड, त्यामुळे दोघांना जवळ उभं राहावं लागलं.

"हा पाऊस कुठला?" त्याने हळूच विचारलं.

"पत्र्यावर तांदूळ ओतले होते."

तो हसला, आणि तिची धडधड वाढली. प्रयोगाच्या काळजीने, असं तिने स्वतःला बजावलं. वीस मिनिटांत एकदाही आवाज तडकला नाही. तेवढ्यात मामाचा फोन आला. चष्मेवाल्याने घाईघाईने टॅब इयरफोनसकट पिशवीत घातला, तिने पैसे दिले आणि धूम ठोकली.

पहिला अंक झक्क झाला. दुसरा सुरू असताना, सव्वासातला, टॅबच्या पडद्यावर एक पट्टी उमटली – 'दुकानातील नमुना. साडेसात वाजता सर्व माहिती पुसली जाईल.'

 पट्टी हटवायला पासवर्ड हवा होता. आणि वादळाचा प्रसंग होता सात पस्तीसला... नाटकाचा सगळा जीव त्या वादळात. तिने बिलावरचा नंबर लावला.

"मी थिएटरच्या दाराशीच आहे," तो धापा टाकत म्हणाला. "नवा टॅब खोक्यातच राहिला, नमुना तुमच्याकडे आला. ट्रॅकवरच्या नाटकाच्या नावावरून थिएटर शोधलं. पासवर्ड मलाच टाकावा लागतो, फोनवर सांगायची मनाई आहे, पण पहारेकरी आत सोडत नाही."

तिला जागा सोडता येईना. शेजारी दिवे सांभाळणाऱ्या ताईला तिने कुजबुजत विनवलं, "ताई, दारात एक चष्मेवाला आहे. त्याला घेऊन ये ना."

ताईने एकवार तिच्याकडे पाहिलं आणि दिव्यांचा खटका तसाच ठेवून ती पळाली.

सात सत्तावीसला तो आला. घामाने चष्मा धुरकटलेला. पासवर्ड टाकला – चुकला.

"शांतपणे," ती पुटपुटली. बोलता बोलता तिने त्याचा चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि पुन्हा चढवला. त्याने श्वास घेतला, पुन्हा टाइप केलं. पट्टी गेली.

सात पस्तीसला वादळ आलं. तांदळाचा पाऊस अख्ख्या सभागृहावर कोसळला, स्वच्छ, न तडकता. अंधारात तिने हेडफोनचा एक कप त्याच्या कानाला लावला आणि हात तिथेच राहू दिला.

"एवढे काटेकोर तुम्ही," ती कुजबुजली, "मग चूक झाली कशी?"

"दोन्ही टॅब सारखेच होते..." तो थांबला. "आणि मी टॅबकडे बघतच नव्हतो."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. हा माणूस आपल्याला आवडला आहे, दुपारपासूनच, हे तिने मुकाट्याने मान्य केलं.

पडदा पडल्यावर मामा आत आला. "वादळ उत्तम. उद्याही तूच बस." मग त्याची नजर वळली. "हे कोण?"

"टॅब तपासायला आलेत."

"झाला तपासून?"

चष्मेवाला उठायला लागला. तिने इयरफोनची आखूड वायर बोटाभोवती गुंडाळली.

"नाही मामा," ती म्हणाली. "नवा अजून खोक्यात आहे. त्यांना उद्याही यावं लागेल."