आणणारा दिसला नाही

काम तसं सोपं होतं. दुपारी दोन ते सहा टॅबच्या पडद्यासमोर बसायचं आणि घरट्यात जे दिसेल ते वेळेसकट लिहायचं. आपली कल्पना नको, कौतुक नको, हळहळ तर नकोच. पक्षीमंडळाने नोंदवहीच्या पहिल्या पानावरच तशी ताकीद दिली होती आणि शिवणाऱ्या वहिनींना ती मनापासून आवडली होती. पंचवीस वर्षं त्या लोकांचे कपडे आत-बाहेर करत आल्या होत्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "मी काही एवढी जाड नाही हं." वहिनी नुसती टेप दाखवायच्या.

शिवणाचं मशीन खिडकीशी होतं, त्याला लागून बटणांचा डबा आणि डब्याला टेकवलेला पडदा. पडद्यावर एक तलाव, तलावातलं बेट, बेटावर लोखंडी मनोरा आणि मनोऱ्याच्या टोकाला काटक्यांचं एवढं मोठं घरटं, की त्यात एक माणूस आरामात झोपला असता. घरट्यात ऑस्प्रे या मासेमार घारींची जोडी राहत होती. पांढरं पोट, डोळ्यावरून काळा पट्टा आणि कायम कुणावर तरी रागावल्यासारखी नजर. विणीच्या दिवसांत बेटावर पाऊल टाकायला बंदी होती. जे काही बघायचं ते कॅमेऱ्यातून, आणि तेही दहा सेकंद उशिरा, कारण चित्र यायला तेवढा वेळ लागायचा.

वहिनींना या कामाला जुंपलं होतं कडीवाल्याने. पिल्लांच्या पायात नंबराच्या कड्या घालणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला कडीवालाच म्हणत. वहिनींचा नवरा तलावाकडे जाणारी बस चालवायचा आणि कडीवाला त्याच्या मागच्या सीटवर बसून पक्ष्यांच्या गप्पा हाणायचा. गेल्या हिवाळ्यात डेपोत, गाडी लावून उतरता उतरता, ड्रायव्हर पायरीवरच बसला आणि उठला नाही. महिन्याभराने कडीवाला घरी आला. म्हणाला, "वहिनी, दिवसभर भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा घरट्याकडे बघा. थोडी मदतही होईल आम्हाला."

नराची एक खोड होती. मासा पकडला की तो आधी कुठल्यातरी झाडावर बसून त्याचं डोकं खाऊन टाकायचा आणि उरलेला मासा घेऊन घरी यायचा. घरट्याच्या डाव्या काठावर उतरायचा. मादी उजवीकडे सरकून त्याला जागा करून द्यायची, मान खाली घालायची आणि तोंड फिरवायची, जशी काही ओळखच नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वहिनींना हसू फुटलं होतं. त्यांचा ड्रायव्हर रोज संध्याकाळी सहाला कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणायचा आणि जिन्याच्या वळणावर उभा राहून त्याचा एक कोपरा तोडून खायचा. "जिन्यात उंदीर झालेत," असं वर तोंड करून सांगायचा. अठरा वर्षांत त्या घरात अख्खा पाव असा कधी आलाच नव्हता.

अंडी फुटली, तीन पिल्लं झाली. ती दहा दिवसांची असताना, एका मंगळवारी, नर आला नाही. बुधवारीही नाही. वहिनींनी लिहिलं, "नर आला नाही." गुरुवारी कडीवाल्याचा फोन आला.

"वहिनी, नर सापडला. धरणापाशी विजेच्या तारांखाली पडला होता. कडीचा नंबर जुळवून पाहिला, आपलाच आहे."

वहिनींनी विचारलं, "आणि पिल्लांचं काय?"

"मादी त्यांना उन्हात टाकून लांब जाईल असं वाटत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघू. काही खायला आलं नाही तर मी होडी काढतो, तिघांना उतरवतो आणि मंडळाच्या संगोपन केंद्रात हाताने वाढवू. पण मादीने स्वतः मासा आणला तर मग आपण मध्ये पडायचं नाही. तुमच्या नोंदीवर ठरेल सगळं."

शुक्रवारी वहिनींनी मशीन उघडलंच नाही. दोन वाजल्यापासून डोळ्यात तेल घालून बसल्या. पिल्लांच्या माना टेकायला लागल्या होत्या. काहीही झालं तरी ती जगली पाहिजेत, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती त्यांना चांगली ठाऊक होती. पिल्लं उतरवली तर घरटं रिकामं होणार, कॅमेरा बंद होणार आणि दुपारी दोन ते सहा पुन्हा भिंती.

चार वाजून दहा मिनिटांनी मादी शिट्टीसारखं बारीक ओरडायला लागली. मग उजवीकडे सरकली. मान खाली घातली, तोंड फिरवलं. डाव्या काठावरची एक काटकी वजन पडल्यासारखी वाकली. काठावर कुणी नव्हतं. आणि घरट्यात मासा होता. शेपटी अजून हलत होती. डोकं नव्हतं.

वहिनींचा जीव भांड्यात पडला. भीती वगैरे काही वाटली नाही, हे सांगायलाच हवं. मादी तुकडे तोडून पिल्लांना भरवू लागली तसे त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी लिहिलं, "४.१०. मासा. डोकं नाही. आणणारा दिसला नाही." मग ते वाचलं. असं लिहिलं तर कडीवाला प्रश्न विचारणार आणि होडी काढणार. वहिनींनी शेवटचे शब्द खोडले आणि लिहिलं, "मादीने आणला."

पंचवीस वर्षांत टेपवर सोळा दिसत असताना त्यांनी कधी पंधरा लिहिलं नव्हतं. तेवढं एकदा लिहिलं.

त्यानंतर रोज मासा येऊ लागला, आणि रोज वहिनींच्याच वेळात. सकाळच्या पाळीला एक निवृत्त मास्तर बसायचे. त्यांनी मंडळाच्या फोनवरच्या समूहावर लिहिलं, "मादी आमच्या दुपारवाल्या बाईंची लाडकी दिसते, मला तर शेपूटही दाखवत नाही." सगळे हसले. पिल्लं वाढत होती, पिसं फुटत होती, तिसरं पिल्लू पंख पसरून इतरांना ढकलू लागलं होतं. बिनबापाची तीन पिल्लं एकट्या आईने वाढवली म्हणून मंडळात सगळीकडे मादीचं कौतुक चाललं होतं. वहिनी रोज लिहीत होत्या, "मादीने आणला." पहिल्यांदा लिहिताना हात अडखळला होता, पुढे सवय झाली.

वहिनींचंही बरं चाललं होतं. त्याच आठवड्यापासून संध्याकाळी पडदा बंद करून त्या स्वयंपाकघरात गेल्या की टेबलावर पाव ठेवलेला असायचा, ताजा. धाकटी बहीण कामावरून जाता जाता ठेवून जात असणार, असं त्यांनी धरलं. एका कोपऱ्याचा तुकडा तोडलेला असायचा. हिलाही मेहुण्याची खोड लागली, असं त्यांच्या मनात आलं आणि जरा बरंच वाटलं. चहाबरोबर त्या तो खायच्या. नुसत्या पावावर पोट इतकं भरायचं की वेगळं काही रांधायची इच्छाच होत नसे. फोनवर बहिणीशी बोलणं व्हायचं, पण ही घाईत, ती घाईत, पावाचा विषय राहूनच जायचा. मधल्या दिवसांत त्यांनी स्वतःचे दोन कपडे आत घेतले. धुऊन धुऊन कापड सैल पडतं, त्यात विशेष काही नाही.

पिल्लं पाच आठवड्यांची झाली आणि कड्या घालायचा दिवस ठरला. रविवार, सकाळी अकरा. स्वच्छ ऊन होतं. कडीवाला वर चढणार आणि वहिनी फोनवर राहून त्याने सांगितलेली वजनं लिहून घेणार, असं ठरलं होतं. कानाला फोन, समोर पडदा, हातात पेन घेऊन वहिनी बसल्या. फोनमध्ये त्याच्या धापा आणि शिडीचा आवाज ऐकू येत होता.

"पोचलो," तो म्हणाला.

दहा सेकंदांनी पडद्यावर त्याची टोपी दिसली, मग खांदे. तिन्ही पिल्लं अंग चोरून सपाट पडली होती, धोका दिसला की पडतात तशी. मादी मात्र उडाली नाही. माणूस हातभर अंतरावर आला तरी ती काठावर तशीच बसून राहिली, सरळ कॅमेऱ्यात बघत. हे काही बरोबर नाही, असं वहिनींना वाटलं.

फोनमध्ये वारा घुमत होता, मग त्याचा आवाज आला.

"वहिनी... इथे काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पिल्लं नाहीत. थांबा... आहेत. तीन आहेत. पण एवढीशी आहेत हो. दहा-बारा दिवसांची असतील. वाळून गेलीत."

"काहीतरी काय बोलताय?" वहिनी म्हणाल्या. पडद्यावर त्याने दोन्ही हातांनी मोठं पिल्लू उचललं होतं. पिल्लू चोच उघडून त्याच्या अंगठ्याकडे बघत होतं. "तुमच्या हातात आहे. मला दिसतंय ना."

"माझ्या हातात कागदासारखं काहीतरी आहे."

चित्र उशिरा येतंय, वहिनींनी स्वतःला समजावलं. त्यांनी मनात दहा मोजले. मग आणखी दहा. पडद्यावर कडीवाल्याने पिल्लू कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी वजनकाट्याला अडकवली. पिशवी आतून धडपडत होती.

"काट्याला लावलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "काटा हलत नाही."

"मादी... मादी कुठाय?"

"बसलीय. काठावर. ती पण..." तो थांबला. "वहिनी, हिला जाऊन महिना झाला असेल. पोट पाठीला लागलंय नुसतं. आणि सगळ्या घरट्यात एक काटा नाही माशाचा. तुम्ही तर रोज लिहीत होता, मादीने आणला म्हणून. तुम्ही पाहिलं होतं ना? आणताना पाहिलं होतं?"

पडद्यावर मादी उजवीकडे सरकली आणि तिने मान खाली घातली.

"नाही," त्या म्हणाल्या.

कडीवाला शिडी उतरत असल्याचा आवाज तेवढा आला. दुपारी मंडळाने कॅमेरा बंद केला.

संध्याकाळी धाकटी बहीण आली. कडीवाल्यानेच तिला फोन करून जा म्हणून सांगितलं होतं. दार उघडल्यावर ती उंबऱ्यातच थबकली.

"ताई, अगं काय करून घेतलंयस हे!"

"मला काय झालंय? ती पिल्लं माझ्यामुळे गेली. मी खरं लिहिलं असतं तर त्याने उतरवली असती त्यांना."

"पिल्लांचं नंतर. आरशात बघितलंयस कधी?"

बहिणीने मशीनवरची टेप उचलली आणि कुणाचं काही न ऐकता ताईच्या कमरेला लावली. मापांच्या वहीत पहिल्या पानावर वहिनींचं स्वतःचं माप होतं, कंबर चौतीस. बहिणीने टेप पुढे धरली. पंचवीस. टेपशी वाद घालायची वहिनींना सवय नव्हती. त्या खाली बसल्या.

"जेवतेस की नाही?"

"पोटभर खाते. तू ठेवून जातेस तो पाव रोज संपवते मी."

"कुठला पाव?"

"रोज संध्याकाळी टेबलावर असतो तो. किल्लीने उघडून ठेवतेस ना?"

बहिणीने टेप खाली ठेवली. "ताई, भावजी गेल्यावर तू कुलूप बदललंस. नवी किल्ली मला दिलीस कुठे?"

दाराजवळच्या खिळ्याला पाकीट लटकत होतं. त्यावर वहिनींच्याच अक्षरात बहिणीचं नाव होतं. आत किल्ली होती. पाकीट कधी उघडलंच गेलं नव्हतं.

"चल," बहीण म्हणाली. "आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल. आधी डॉक्टर, मग माझ्या हातचं जेवण, आणि इथे परत यायचं नाही. मी खाली गाडी थांबवते, तू चार कपडे घे आणि ये. पाच मिनिटांत ये, ताई."

ती धावतच खाली गेली. वहिनींनी कपाटातून चार कपडे काढले. त्यांना जायचंच होतं. मरायची हौस कुणाला असते? पिशवी घेऊन त्या निघाल्या तेव्हा सहा वाजत होते.

जिन्यावर पावलं वाजली. बहिणीची नव्हेत. जड, सावकाश, दिवसभर बसून आखडलेल्या पायांची. ती वळणावर थांबली, तेवढ्यापुरती थांबली आणि मग वर येऊ लागली. दार उघडंच होतं. दारात कुणी आलं नाही. पण ताज्या पावाचा वास घरभर पसरला आणि वहिनींना अशी भूक लागली, की आजवर कधी लागली नव्हती.

टेबलावर पाव होता. कोपऱ्याच्या तोडलेल्या जागेतून वाफ निघत होती.

खालून बहीण हाका मारू लागली. "ताई, आलीस का? ताई..."

"आले गं," वहिनी म्हणाल्या, पण इतक्या हळू की त्यांनाच जेमतेम ऐकू आलं. पिशवी खाली ठेवून त्यांनी नोंदवही उघडली. जे चुकलं ते निदान एकदा तरी नीट लिहायला हवं होतं. त्यांनी लिहिलं, "६.०५. पाव. कोपरा नाही. आणणारा दिसला नाही." यावेळी काही खोडलं नाही.

टेबलाशी दोन माणसांपुरतं बाक होतं. डाव्या बाजूची फळी हळूच कुरकुरली. वहिनी बाकावर बसल्या, थोड्या उजवीकडे सरकल्या आणि मान खाली घालून त्यांनी तोंड फिरवलं.