दोरावरचा दुसरा भार

हे खरं आहे का, असं मला विचारू नका. ज्याला शंका असेल त्याने कुंभकोणमहून बस धरावी, तिरुनीलक्कुडीला उतरावं आणि कालव्याकाठचं मरुदाचं, म्हणजे आपल्या अर्जुनाचं, झाड बघावं. पूर्वेकडच्या अंगाला फांदीचं थोटूक आहे की नाही, ते मला येऊन सांगावं. मग बोलू.

गोष्ट माझ्या मुलाची आहे. चंद्रमौलीची.

गेल्या वर्षी ऐप्पसी महिन्यातली. दिवाळी तोंडावर आली होती. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. उन्हं कलायची वेळ होती.

आमची मराठी माणसं इथे कुंभकोणमात किती पिढ्या आहेत, कोण मोजतंय? घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. सगळी आपली बँकेत, कॉलेजात, कॉम्प्युटरवर. एकटा मौली झाडावर.

लोक विचारतात, मुलगा काय करतो? मी सांगते, झाडांचा डॉक्टर आहे.

"म्हणजे झाडं तोडतो?"

"का? तुमचा डॉक्टर काय माणसं तोडतो?"

बंगळुरूला जाऊन तो एका दोरावर चढायचं शिकून आला होता. दिसायला सोपं. मोठ्या बेचकीने उंच फांदीवरून दोरी पार करायची, तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यायचा. दोराचं एक टोक बुंध्याला बांधायचं. दुसरा पदर फांदीवरून खाली लोंबतो. त्याच पदराला पायाची आणि गुडघ्याची पकड लावून जिना चढल्यासारखं वर जायचं. कमरेपाशी एक यंत्र असतं. ते दाबलं की माणूस खाली सरकतो, सोडलं की जागच्या जागी थांबतो.

चढणाऱ्याच्या खाली उरलेल्या दोराला ते शेपूट म्हणतात.

शेपटाचं एक ध्यानात ठेवा. खालून कुणी ते ओढून धरलं, तर यंत्र दोराला चावून बसतं. वरच्याने कितीही दाबलं तरी त्याला खाली येता येत नाही.

आता घरचं सांगते. सून भुवनेश्वरी पोटुशी होती. सातवा सरत आला होता. आमच्यात बायको पोटुशी असली की नवऱ्याने प्रेताला खांदा द्यायचा नाही, दाढी-डोकं करायचं नाही, आणि ओलं झाड तोडायचं नाही. मी मौलीला तुळशीसमोर उभं करून वचन घेतलं होतं. तो हसला. पण वचन दिलं. तेव्हापासून वाळकी लाकडंच उतरवायचा, आणि दाढी ही एवढी वाढलेली.

त्या दिवशी तिरुनीलक्कुडीहून फोन आला. वादळात मरुदाची एक फांदी मुरगळून बालवाडीच्या पत्र्यावर वाकली होती. पाऊस यायच्या आत ती काढायला हवी होती. मौली निघाला. सोबत जानकीराम. भुवनेश्वरीचा थोरला भाऊ, मौलीचा खालचा माणूस. एक वर, एक खाली, असंच त्यांचं काम चालतं.

झाडाखाली उभं राहून मौलीने फांदीकडे बघितलं.

"जानकीराम, ही वाळलीय ना रे?"

"एक पान नाही तिच्यावर, भावोजी. आणि तुमची दाढी बघून तर ती आधीच संन्यास घेईल."

"आईला कळलं तर?"

"तुमच्या आईला काय, मी काल किती इडल्या खाल्ल्या तेही कळतं. चढा आता."

फांदी वाळली की नाही, ते बघायची एक खूण असते. साल नखाने खरवडायची. खाली तपकिरी निघालं तर वाळली. हिरवं निघालं तर जिवंत.

मौली हे रोज करतो. न चुकता करतो.

त्या दिवशी त्याने केलं नाही. दोघांपैकी कुणीच केलं नाही... कारण हिरवं निघालं असतं तर खाली यावं लागलं असतं.

दोर पार झाला. चढण्याआधी दोघं एकदम त्याला लोंबले, उड्या मारून बघितलं. वरची फांदी कुरकुरलीसुद्धा नाही. दोघांचा भार पेलते, म्हणजे एकाचा पेलणारच. बुंध्याशी खालून दोर सोडता येईल अशी सोय ते एरवी ठेवतात. घाईत त्या दिवशी नुसती गाठ मारली.

मौली वर गेला. करवत काढली. पहिला हात मारला.

मनगटावरून काहीतरी ओघळलं...

पाणी.

फांदी ओली होती. आतून सगळी ओली.

थांबावं, तर अर्धवट कापलेली फांदी बालवाडीवर लटकत राहणार. सकाळी मुलं येणार. मौलीने दात आवळले आणि काप पुरा केला. फांदी आधीच बांधून ठेवलेल्या दोरीला लटकली, जानकीरामने ती हळूहळू खाली घेतली आणि ओढत रस्त्याकडे नेली.

मौलीने करवत म्यान केली. कपाळ पुसलं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं...

आवाज नव्हता.

त्या झाडावर कावळे होते. कालव्यात बदकं होती. पलीकडे कुणाचा तरी पंप चालू होता. यातलं काहीच ऐकू येईना. नुसता स्वतःचा श्वास, हेल्मेटच्या आत.

त्याने खाली यायला यंत्र दाबलं.

हललं नाही.

पुन्हा दाबलं. नाही.

त्याने खाली बघितलं. शेपूट ताठ होतं. काठीसारखं.

"जानकीराम, शेपूट सोड!"

"काय?"

उत्तर खालून आलं नाही. रस्त्याकडून आलं. जानकीराम तिकडे उभा होता. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात कापीचा पेला.

दोराजवळ कुणीच नव्हतं.

जानकीराम चालत आला. झाडाखाली येऊन थबकला. पेला हातातच राहिला.

"भावोजी... दोराला काहीतरी धरून आहे."

"काय धरून आहे?"

"काही नाही."

"अरे, नीट सांग! काय धरून आहे?"

"तेच सांगतोय. काही नाही."

त्याने जे बघितलं ते असं. वरून दोर ताठ येत होता, त्याच्या छातीपर्यंत. तिथून खाली मात्र ढिला. वाऱ्याने हलणारा. जसा कुणी मधेच दोराला लोंबलं की दिसतो, तसा.

आणि बघता बघता ती जागा वर सरकली.

छातीपासून डोक्यावर. डोक्यावरून आणखी वर. खालचा ढिला भाग वाढत गेला... वरचा ताठ भाग आखडत गेला.

थोडं थांबायचं. मग एक हिसका. मग पुन्हा वर.

मौलीला तो प्रत्येक हिसका कमरेत जाणवत होता. दोरावर कोण आहे, किती वजनाचं, हे त्याला डोळे मिटून कळतं. हा जानकीरामसारख्या गड्याचा भार नव्हता. बाईमाणसाचाही नव्हता.

फार हलका होता.

कडेवर घेतलेल्या पोराएवढा.

"गाठ सोड, बुंध्याला वळसा ठेवून मला खाली घे!" मौली ओरडला. जानकीराम बुंध्याकडे धावला. पण भाराखाली गाठ दगड झालेली. नखं तुटली, गाठ सुटेना.

तो हिसका बुटांपर्यंत आला.

तिथे थांबला.

मौलीने डोळे मिटून घेतले. माझा मुलगा भित्रा नाही, वादळात नारळीवर चढलेला आहे. तरी मिटले. पोटरीपाशी काहीतरी चाचपडत होतं. दम लागल्यासारखं. मांडीपाशी. मग पट्ट्यापाशी...

आणि एकदम शेपूट ढिलं पडलं.

त्याच वेळी कमरेचा पट्टा कचकन आवळला. वरची फांदी, जी दोघं लोंबले तरी कुरकुरली नव्हती, ती आता कुरकुरली.

त्याने यंत्र दाबलं. तो खाली आला. भराभर आला, दोन माणसं एका दोरावर येतात तसा. यंत्र तापून चटका बसला.

पाय जमिनीला लागले. कावळे ओरडायला लागले. पंपही ऐकू आला.

जानकीरामने त्याला धरून उभं केलं आणि हात झटकन मागे घेतला.

"भावोजी, तुम्ही जड लागताय."

घरी काय चाललं होतं ते मी स्वतः बघितलं आहे.

त्याच कलत्या उन्हात भुवनेश्वरी स्वयंपाकघरातून पोट धरून बाहेर आली.

"आत्याबाई, बाळ हलत नाहीय."

"झोपलं असेल. तुझ्यासारखंच आळशी असणार."

मी हे म्हणाले खरं. पण हात लावला, आणि तशीच उठले. साखरपाणी दिलं. डाव्या कुशीवर निजवलं. पोटावर कान ठेवला.

काहीच नाही. रिकाम्या हंड्यासारखं.

मी ऑटो बोलावला. तिला चप्पल घालत होते, तेवढ्यात मौली दारात आला. पाय ओढत. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत येईना. एक हात कमरेशी, असा धरलेला... जसं कुणी पडेल म्हणून धरतात.

"ये ना आत! खांबासारखा काय उभा? हिला दवाखान्यात न्यायचंय!"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग भुवनेश्वरीच्या पोटाकडे. आणि उंबरा ओलांडला.

भुवनेश्वरीने माझं मनगट घट्ट धरलं.

"हललं..."

मौलीने कमरेशी धरलेला हात सोडला. म्हणाला, "आई, कंबर हलकी झाली."

दवाखान्यात नेलंच. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले. सगळं ठीक, म्हणाल्या. परतल्यावर मौलीने मला एकटीला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी जानकीरामला बोलावून वेगळं विचारलं. तोही तेच बोलला, आणि बोलताना एकदाही हसला नाही. त्या माणसाला मी कधी न हसता बघितलेलं नाही.

मी दोघांनाही एका शब्दाने रागावले नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते. आमचंच बाळ घाबरून तिकडे बापाकडे गेलं, आणि त्याने ते परत आणलं?

की आमचं गेलं ते गेलंच... आणि त्या ओल्या फांदीवरचं कुणीतरी, घर मोडलं म्हणून, माझ्या मुलाच्या कमरेला धरून आलं?

भुवनेश्वरीला यातलं काही ठाऊक नाही.

पौषात मुलगी झाली. धडधाकट. नाव जननी. बघायला आलेल्या बायका विचारतात, आजीबाई, कुणावर गेलीय हो? आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराला बघून मी तिथल्या तिथे सांगितलं आहे, हे नाक मामाचं, हे कान आजोबांचे.

हिचा चेहरा मी रोज बघते. अजून सांगता आलेलं नाही.

न्हाऊ मीच घालते. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आमची असली तर माझी नात आहे. नसली तर... तिलाही न्हाऊमाखू घालणारं कुणीतरी हवंच की.